काय ते कापड, काय तो उजेड!

'द रेस्टलेस' नावाचा एक कोरियन चित्रपट आहे. २० डिसेंबर २००६ रोजी तो कोरियात लागला, तिथं त्याचं नाव 'जुंगचॉन'. इतकी वर्षं हा चित्रपट या जगात होता आणि मला कुणी सांगितलंच नाही! आता सापडलाय, तर भेटेल त्याला सांगत सुटलेय. गाळ्यातल्या कारागिरांना सांगून झालं, सोसायटीतल्या मैत्रिणींना सांगून झालं, कापडाचे तागे घेऊन येणाऱ्या व्यापाऱ्याला चहा पाजून समोर बसवून सांगितलं. आता तुमची पाळी. गोष्ट लेचीपेची आहे. ते लपवणार नाही, त्यावर नीट बोलणारच आहे. पण पडद्यावर कापड इतकं सुंदर हलताना मी जन्मात पाहिलं नव्हतं.

कापडाचं मला आधी का दिसतं, ते सांगायला हवं. हाटकेशला माझा शिवणाचा गाळा आहे. मीरा रोड पूर्वेचा हा भाग, एका अंगाला उद्योगनगरातले गाळे, दुसऱ्या अंगाला उंच सोसायट्या. मीरा रोड, काशिमीरा, नायगाव या पट्ट्यात मालिकांचे सेट उभे राहतात. त्या मालिकांमधल्या देवांचे, दानवांचे, राण्यांचे आणि दासींचे कपडे आमच्यासारख्यांकडून शिवून जातात. शेले, अंगरखे, कंचुक्या, उत्तरीयं. संध्याकाळी माप येतं आणि सकाळी सातच्या शिफ्टला कपडा सेटवर लागतो. त्यामुळे पडद्यावर कुणीही आलं की माझी नजर चेहऱ्याआधी घेरावर जाते, शिवणीवर जाते, अस्तर कुठे डोकावतंय त्यावर जाते.

चित्रपट दाखवला शेजारच्या मुलीनं. ती कोरियन भाषा शिकतेय, तिच्या खोलीत कोरियन नटांचे फोटो आहेत, आणि कोरियन मालिकांबद्दल ती बोलायला लागली की थांबत नाही. डीव्हीडी हातात देताना म्हणाली, "काकू, स्टोरीकडे फार लक्ष देऊ नका हं. पण कपडे बघा. तुमच्यासाठीच आणलाय." किती नेमकं ओळखलं पोरीनं!

नायक ई ग्वाक हा सिल्ला राज्याच्या अखेरच्या काळातला योद्धा. म्हणजे दहाव्या शतकाची सुरुवात. सिल्ला राज्य ९३५ साली संपलं. भुतं-पिशाच्चं दिसण्याची आणि त्यांच्याशी लढण्याची शक्ती त्याच्यात आहे. त्याची प्रेयसी यॉन्ह्वा अन्यायानं मारली गेलीय. जखमी, दमलेला, सगळीकडून पाठलाग होत असलेला हा माणूस एका पडक्या देवळात झोपतो आणि जागा होतो तो मधल्या लोकात. मेलेल्यांचे आत्मे पुढच्या जन्माला जाण्याआधी ४९ दिवस जिथं थांबतात, ती ही जागा. हा मात्र जिवंतपणीच तिथं पोचलाय. आणि तिथं त्याला ती दिसते. चेहरा यॉन्ह्वाचा, नाव सोह्वा. त्या लोकाची राखण करणारी देवता झालीय ती, आणि आधीच्या जन्मातलं तिला काही म्हणजे काही आठवत नाही.

ती पांढऱ्यात आहे. आता तुम्ही म्हणाल, पांढऱ्यात काय एवढं? आमच्या धंद्यात 'देवलोक' म्हटलं की ठरलेलं असतं: चमकणारं साटीन, त्यावर मशीनची जर, कडेला तयार लेस, आणि दिवे पडले की सगळं लखलख. इथं तसं काहीच नाही. झिरझिरीत कापडाचे थरांवर थर आहेत. आतला थर जड, सरळ खाली पडणारा. वरचा इतका हलका की ती नुसती वळली तरी तो मागून, जरा उशिरानं वळतो. त्या उशिरातच सगळी जादू आहे! माणूस थांबलाय, कापड अजून चाललंय. ती हवेत झेपावते तेव्हा बाह्यांचा घेर आधी फुलतो, मग पाठीमागचे पट्टे सुटतात, आणि खाली उतरल्यावर ते सगळं हळूहळू बसतं. मी चित्र थांबवून पाहिलं, पुढे नेऊन पाहिलं, मागे आणून पाहिलं. एक पांढरा दुधाळ, एक निळसर, एक नुकत्या विणलेल्या, न धुतलेल्या सुतासारखा पिवळट. लांबून सगळे मिळून एकच पांढरा दिसतात आणि जवळ आलं की त्यातली खोली कळते.

हे केलं कुणी? श्रेयनामावलीत नाव शोधलं: एमी वादा. आणि मग माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. अकिरा कुरोसावाच्या 'रान'ची वस्त्रं करणारी हीच! १९८५ चा तो चित्रपट, आणि १९८६ साली त्या वस्त्रांसाठी तिला ऑस्कर मिळालं. 'रान'मध्ये म्हाताऱ्या राजाचे तीन मुलगे पिवळ्या, लाल आणि निळ्या रंगात आहेत, त्यांची सैन्यंही त्याच रंगांत. शेकडो माणसं एकमेकांत घुसली तरी कोण कुणाचा ते कळतं. पुढे चीनच्या झांग यिमोऊचा 'हीरो' आणि 'हाउस ऑफ फ्लाइंग डॅगर्स', दोन्हींची वस्त्रं तिचीच. क्योटोत १९३७ साली जन्मलेली ही बाई २०२१ मध्ये गेली. तिचं काम मी आधी पाहिलेलं होतं, आवडलेलंही होतं, आणि नाव मनात ठसलं ते आता, हाटकेशला बसून.

आणि तिच्या नावाशेजारी मला लगेच आठवल्या त्या आपल्या कोल्हापूरच्या भानू अथैया. १९८३ साली 'गांधी'साठी ऑस्कर घेणाऱ्या पहिल्या भारतीय. कपड्यांसाठी! वादाबाईंच्या तीन वर्षं आधी. वस्त्रांमुळे ऑस्करपर्यंत पोचलेली एक कोल्हापूरची, दुसरी क्योटोची. भानूताईंचा 'आम्रपाली' पाहा, १९६६ चा. अजिंठ्याच्या भिंतींवरच्या स्त्रिया त्यांनी त्यात वैजयंतीमालेच्या अंगावर आणल्या. कंचुकीची गाठ, कमरेचं वस्त्र, उघड्या खांद्यावरचं पारदर्शक उत्तरीय. चित्रपट तिकीटबारीवर चालला नाही, कथा आज फार थोड्यांना सांगता येईल, पण ते कपडे? पन्नास वर्षांहून जास्त काळ झाला, आजही 'आम्रपाली स्टाइल' म्हणून माझ्याकडे ऑर्डर येते. ऑर्डर देणाऱ्या मुलीनं तो चित्रपट पाहिलेलाही नसतो.

सोह्वा झालेल्या किम थे-हीबद्दलही एक गोष्ट कळली आणि मला फार आवडली. ही नटी सोल राष्ट्रीय विद्यापीठात वस्त्रशास्त्रच शिकलेली आहे. मोठ्या पडद्यावरची तिची ही पहिली मोठी भूमिका. अभिनयाबद्दल लोकांनी तिला नावं ठेवली, तिचा चेहरा बऱ्याचदा एकाच भावात अडकतो हेही खरं. पण कपडा अंगावर कसा वागवायचा, हे तिला कळतं. थरावर थर घातलेलं वस्त्र नेसून धावणं सोपं नाही. आमच्याकडे नट्या निऱ्या हातात गोळा करून धावतात. ही धावते तेव्हा कापड तिच्याबरोबर धावतं.

आता त्या मधल्या लोकाबद्दल. इथं मी अक्षरशः हरखून गेले, कारण ती कल्पना माझ्या ओळखीची निघाली. आपल्याकडे माणूस गेला की दहावा, बारावा, तेरावा. त्या दिवसांत तो पुरता इथला नसतो आणि पुरता तिथलाही नसतो. दहाव्याला पिंड ठेवायचा आणि कावळ्याची वाट पाहायची. कावळा शिवेना झाला की घाटावरचे सगळे गप्प होतात, मग कुणीतरी पुढे होऊन गेलेल्याला शब्द देतं, "पोरांचं आम्ही बघू, काळजी करू नका." मी हे अनुभवलंय. वडिलांच्या वेळी कावळा बराच वेळ आला नव्हता आणि शेवटी आईनं मनातल्या मनात काय सांगितलं ते तिनं आम्हाला कधीच सांगितलं नाही. कोरियन बौद्धांमध्ये तेच दिवस ४९ आहेत. सात-सात दिवसांनी विधी, एकूणपन्नासाव्या दिवशी शेवटचा. फरक असा की आपण काठावर उभे राहून वाट पाहतो, आणि हा चित्रपट पलीकडे जाऊन तिथून दाखवतो. तिथं दिवे आहेत, पाणी आहे, बाजाराची गल्ली आहे, लोक ये-जा करताहेत, कुणी घाबरलेलं, कुणी शांत. तिथं अंधार असेल, आक्रोश असेल असं मला लहानपणापासून वाटत आलेलं. कुणीतरी ती जागा इतकी देखणी, इतकी स्वच्छ करून दाखवली, याचंच मला भरून आलं. वडील अशा एखाद्या गल्लीतून चालत गेले असतील, असं मनात आलं, आणि ते आल्यावर पुढचा बराच भाग मी डोळे पुसत पाहिला.

अशा लोकांची आपल्याकडे काय कमी आहे! भागवताच्या पाचव्या स्कंधात सात पाताळांचं वर्णन आहे. त्यातल्या वितळात भगवान शंकर हाटकेश्वर नावानं, आपल्या भूतगणांसह आणि भवानीसह राहतात, आणि तिथून हाटकी नावाची नदी वाहते. तिच्यापासून हाटक नावाचं सोनं होतं आणि तिथल्या असुरांच्या अंतःपुरांतले स्त्री-पुरुष त्याचे दागिने घालतात. आम्ही राहतो त्या जागेच्या नावातला हा देव. जमिनीखाली एक लोक, सोन्याची नदी, भूतगण. कुणीतरी मोठ्या पडद्यावर आणा ना हे!

कोरियावाल्यांनी आपलं आणलंय. ई ग्वाक ज्या पथकात होता त्याचं नाव चॉयोंगवरून ठेवलंय, आणि हा चॉयोंग कोण ते शोधल्यावर तर मला वेड लागायचं बाकी राहिलं. तेराव्या शतकात इर्यॉन नावाच्या भिक्षूनं लिहिलेल्या 'सामगुक युसा'त त्याची कथा आहे. चॉयोंग पूर्वसमुद्राच्या नागराजाचा मुलगा, सिल्लाच्या राजधानीत राहायला आलेला. एका रात्री तो घरी येतो तर बायकोच्या अंथरुणात रोगराईचं भूत. हा चिडत नाही, तलवार काढत नाही. गाणं म्हणतो, नाचतो आणि बाहेर पडतो. भूत इतकं ओशाळतं की शपथ घेतं: जिथं तुझं चित्र दिसेल त्या दारात मी पाऊल ठेवणार नाही. तेव्हापासून लोक दारावर चॉयोंगचा चेहरा लावू लागले. मुखवटे घालून करायचं त्याचं नृत्य दरबारात चालत आलं आणि २००९ मध्ये युनेस्कोच्या वारशाच्या यादीत गेलं. चित्रपटातल्या योद्ध्यांना हे नाव दिल्यावर कोरियन प्रेक्षकाला एका क्षणात सगळं कळत असणार, आपल्याला 'वेताळ' म्हटल्यावर कळतं तसं.

मग हाणामाऱ्या. मी मारामारीचे चित्रपट पाहणारी बाई नाही. रक्त दिसलं की मान वळवते. इथं मला मान वळवावीच लागली नाही, कारण तिथले सगळे आधीच मेलेले आहेत! आत्म्यावर वार बसला की रक्त येत नाही, तो विरतो. बारीक राखेसारखा सुटत जातो आणि हवेत मिसळतो. शेवटाकडे ई ग्वाक एकटा आणि समोर अख्खं सैन्य, अशी लढाई आहे. तो त्यांच्यात घुसतो, फिरतो, आणि त्याच्या भोवतीची माणसं एकामागून एक भुरभुर होत जातात. काळ्या चिलखतांच्या गर्दीत मधोमध एक मोकळं वर्तुळ उघडतं, मिटतं, पुन्हा उघडतं. नट जंग वू-संग उंचापुरा, त्याची अंगलट लढाईसाठीच घडवलेली वाटते. याच नटानं २००१ च्या 'मुसा'मध्ये भालाईताचं काम केलं होतं आणि या चित्रपटाचा दिग्दर्शक जो दोंग-ओ त्या 'मुसा'मध्ये सहायक होता. स्वतंत्र दिग्दर्शक म्हणून हा त्याचा पहिला चित्रपट. पहिल्याच चित्रपटात एवढा घाट!

संगणकावरची कामं कोरियातल्याच मंडळींनी केली. तिथली एट्री नावाची सरकारी संशोधन संस्था आहे, तिनं नटाची संगणकीय प्रतिकृती तयार करण्याचं जे तंत्र उभं केलं ते या चित्रपटात वापरलं. २००६ साली! आज पाहताना काही ठिकाणी ते जुनं वाटतं, आकाश रंगवलेलं आहे हे कळतं. मला त्याचं काहीच वाटलं नाही. रंगवलेला पडदा मागे असला म्हणून नाटकाची रंगत कधी कमी झालीय का?

आणि संगीत! शिरो सागिसु हा जपानी संगीतकार, 'इव्हँजेलियन' या गाजलेल्या ॲनिमे मालिकेचं संगीत ज्याचं, त्यानंच हे केलंय. शेजारची मुलगी ते नाव वाचून किंचाळलीच. मला ती मालिका ठाऊक नाही, पण गाळ्यात आता काम करताना हे संगीत लावते आणि हात आपोआप संथ, नीट चालतात.

आता गोष्टीकडे येते, कारण तुम्हाला फसवून चित्रपट दाखवायचा नाहीये मला. गोष्ट खरंच कच्ची आहे. मूळ दुखणं प्रेमाचं आहे. ई ग्वाक आणि यॉन्ह्वा यांचं जिवंतपणीचं प्रेम आपल्याला तुटक आठवणींतून, घाईघाईनं दाखवलंय. ते दोघं एकत्र जेवले कसे, भांडले कशावरून, ती हसायची कशी, काहीच कळत नाही. मग तिला आठवत नाही म्हणून तो तळमळतो तेव्हा आपण त्याच्या तळमळीकडे लांबून पाहतो. तिला विसर पडलाय, पण आपल्याकडेही आठवायला काही नाही! ही चूक लिहिण्यातली आहे, नटांची नव्हे.

दुसरं, त्या लोकाचे नियम. मेलेला पुन्हा मरतो म्हणजे नेमकं काय होतं? विरला तो कुठे गेला? सोह्वाकडच्या त्या पवित्र खड्यानं काय काय होऊ शकतं आणि काय नाही? दिग्दर्शकाला त्या त्या प्रसंगी जे हवं ते होतं. मग मधला सगळा वेळ एकच चाकोरी: पळा, लढा, थांबून एकमेकांकडे पाहा, पुन्हा पळा. तासाभरानं माझे यजमान उठून भाकरी गरम करायला गेले आणि परत आल्यावर त्यांना काहीच चुकल्यासारखं वाटलं नाही.

सगळ्यात जास्त हळहळले मी बानचूसाठी. हो जुन-होनं केलेला हा खलनायक. ई ग्वाकच्या पथकाचा प्रमुख, त्याला भावासारखा असलेला, राज्यकर्त्यांच्या अन्यायात आपल्या माणसांसह मेलेला. आता तो मधल्या लोकातच बंड करतोय, कारण ज्या जगानं त्याला मारलं त्याचा हिशेब त्याला करायचाय. केवढा मोठा माणूस आहे हा! त्याची बाजू ऐकली की काही क्षण वाटतं, अरे, याचंच बरोबर आहे. खरी गोष्ट इथं होती. मेल्यावरही राग जात नसेल तर माणूस कुठे जाणार? पण चित्रपट त्याला दोन-चार वाक्यं बोलू देतो आणि पुन्हा तलवारी काढतो. लिहिणाऱ्यानं याच्याजवळ आणखी वीस मिनिटं बसायला हवं होतं. हे म्हणताना मला राग येतो, कारण एवढं सुंदर जग उभं करून त्यात राहणाऱ्या माणसांकडे दुर्लक्ष करणं हा त्या जगावरच अन्याय आहे. कोरियातही हा चित्रपट अपेक्षेइतका चालला नाही, आणि का ते समजतं.

पुढे २०१७ मध्ये 'अलाँग विथ द गॉड्स' आला. तेच ४९ दिवस, त्यात सात न्यायनिवाडे, आणि मधोमध एक अग्निशामक दलातला जवान आणि त्याची मुकी आई. कोरियात १ कोटी ४० लाखांहून जास्त तिकिटं गेली. तोही मी लागोपाठ पाहिला. गोष्ट कितीतरी पक्की, रडू हमखास. पण प्रामाणिकपणे सांगते, त्यातलं एकही चित्र मला दुसऱ्या दिवशी डोळ्यांसमोर आणता आलं नाही. 'द रेस्टलेस'मधली सोह्वा मात्र सुई ओवतानाही दिसते.

म्हणून मला वाटतं, डोळ्यांनी जेवायचं असेल तर त्या जेवणाला कमी लेखू नये. आपल्या लोकांना हे फार पूर्वीपासून कळतं. व्ही. शांताराम यांचा 'नवरंग' घ्या, १९५९ चा. 'दो आँखें बारह हाथ'च्या चित्रीकरणात बैलाशी झुंजताना त्यांच्या डोळ्यांना इजा झाली, डोळ्यांवर पट्ट्या बांधून पडून राहावं लागलं. आणि दृष्टी परत आल्यावर त्यांनी काय केलं, तर रंगांचा चित्रपट केला! कवी, त्याची बायको आणि त्याच्या कल्पनेतली मोहिनी, एवढीच कथा, तीही विरळ. पण होळीच्या नाचात संध्या एकाच वेळी स्त्री आणि पुरुष होऊन नाचते ते माझ्या सासूबाईंना आजही हातवारे करून दाखवता येतं. त्यांनी कोरियन चित्रपट माझ्याबरोबर शेवटपर्यंत पाहिला. भाषा कळत नव्हती, उपशीर्षकं वाचता येत नव्हती. संपल्यावर म्हणाल्या, "नेसवलंय छान गं पोरीला." वादाबाईंना याहून मोठी पावती कोण देणार!

गाळ्यात तर आम्ही तो पडद्यावर पाहिला. काम आटोपल्यावर दोन खिडक्यांच्या मधे मांजरपाट ताणून बांधला, भाड्याचा प्रोजेक्टर आणला, दिवे घालवले. जरदोजीच्या अड्ड्यावर बसणारे कारागीर, काजं-बटणं करणाऱ्या बायका, आमचे मास्तर, सगळे कापडाच्या गठ्ठ्यांवर बसलेले. बाहेर हमरस्त्यावरचे ट्रक, आत ते संगीत. सोह्वानं पहिली झेप घेतली आणि मास्तर, जे तीस वर्षं कात्री चालवताहेत आणि कशालाच 'वा' म्हणत नाहीत, ते एकदम उठून पडद्याजवळ गेले. बाहीवर बोट ठेवून म्हणाले, हे उरेब कापलंय, म्हणून असं पडतं. सरळ ताण्यात कापलं असतं तर काठीसारखं उभं राहिलं असतं. उरेब कापायचं तर कापड जास्त लागतं, कातरण जास्त जातं, म्हणून आमच्याकडे ते कुणी मागत नाही. मग त्यांनी चित्र थांबवायला लावलं आणि सगळ्यांना शिवणीची दिशा समजावून सांगितली. दुसऱ्या दिवशी त्यांनी स्वतःहून उरलेल्या ऑर्गंझाचे थर उरेब कापून एक उत्तरीय शिवलं. अस्तर नाही, जर नाही, कडेला फक्त हातानं गुंडाळलेली बारीक दुमड. पुतळ्यावर घातलं, पंखा लावला. हललं! तसंच, जरा उशिरानं!

ते उत्तरीय आम्ही एका पौराणिक मालिकेच्या माणसांना दाखवलं. त्यांनी हात फिरवला, छान म्हणाले, आणि विचारलं, यात चमक कुठाय? मी तेव्हा काही बोलले नाही. आता बोलते. निर्मात्यांनो, दिग्दर्शकांनो, चमक एक दिवस कमी करून बघा. कापडाला पडू द्या, उडू द्या, त्याला अर्धा क्षण उशीर करू द्या. अजिंठा आपल्याकडे आहे, पैठणचे माग आपल्याकडे आहेत, भानू अथैयांचं काम आपल्याकडे आहे. सात पाताळं आणि वरचे लोक आपल्या पोथ्यांत भरून ठेवलेत. आणि गोष्टी? गोष्टींची तर आपल्याला कधीच वानवा नव्हती. कोरियावाल्यांचं जिथं अडलं, तिथं आपण पुढे जाऊ शकतो.

आणि वाचकहो, तुम्ही हा चित्रपट पाहा. फोनवर पाहू नका, मिळेल तेवढ्या मोठ्या पडद्यावर, दिवे घालवून पाहा. गोष्ट पुढे काय होणार याची वाट पाहू नका, समोर काय आहे ते पाहा. सोबत आई असेल, सासू असेल, शिवणकाम जाणणारी एखादी मावशी असेल तर तिला शेजारी बसवा आणि ती मधेच बोलली तर बोलू द्या. शेवटी नावं सरकायला लागतील तेव्हा लगेच उठू नका. एमी वादा हे नाव येईपर्यंत थांबा.